अर्धी वीत

भाचीने फोनमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं.
म्हणाली, मावशी, आधी यात आकडे भरायचे, मग बटण दाबायचं.
कॅमेरा कोणता, लेन्स केवढी, छिद्र किती उघडं,
समोरचा माणूस किती लांब.
मग ते सांगतं, कुठून कुठवर जग स्पष्ट येईल.
त्याच्या अलीकडे धूसर. पलीकडेही धूसर.

डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात याला.
निफाडच्या चुलतभावाला फोनवर सांगितलं तर
तो म्हणाला, शेताची खोली? किती फूट गेलात?
पाणी लागलं का?

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी नोटांचे ताव तपासले.
शाई फुटली का, रेघ तुटली का, आकडा कलला का.
डोळ्यांपासून कागद वीत, फार तर दीड वीत.
त्याच्या पलीकडे
भोंगा होता, पंखे होते,
शेजारच्या टेबलावर सुलभा जगधने होती.
तिचं हसणं मी झोपेतही ओळखलं असतं.
साडीचा रंग विचारला असतात
तर सांगता आला नसता.

रविवारी तांबट आळीत गेले.
ठोके आता मोजकेच ऐकू येतात तिथे.
वडनेरेकाका हंड्याच्या काठावर हातोडी चालवत होते,
ठण्, मग थांबून, ठण्,
मध्ये एखादी रिक्षा जाऊ द्यायची, पुन्हा ठण्.
मी ओट्याच्या कडेला टेकून आकडे भरले:
पन्नासची लेन्स, एक पॉइंट आठ, अंतर दोन मीटर.
उत्तर आलं, अकरा सेंटीमीटर.
म्हणजे अर्धी वीत!
नाक धरलं तर कान गेला,
हातोडी धरली तर काका गेले.
आठवर नेलं. अठ्ठेचाळीस.
आता काका आले, हंडा आला, गुडघ्यावरचं ठिगळ आलं
आणि उजेड गेला.
एका हाताने द्यायचं, दुसऱ्याने कापून घ्यायचं,
पगाराच्या पावतीपासून ठाऊक आहे मला हे गणित.

काय बघताय एवढं त्यात, काकांनी विचारलं.
सांगितलं, जमेल तसं.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
पत्र्याचा कापलेला तुकडा उचलला,
त्यावर खिळा धरला. एकच ठोका.
भोक डोळ्याला लावलं
आणि हंड्यावर कोरलेलं नाव वाचलं,
वीतभरावरून, चष्म्यावाचून, अडखळत नाही काही:
सौ. कुमुदिनी हिस मामाकडून आहेर, १९६१.
दिसतं, म्हणाले. थोडं अंधारतं फक्त.
आणि मग, तुमचा फोन केवढ्याला पडला?

तुकडा मी मागून घेतला. त्यांनी त्याची धार घासून दिली,
पैसे घेतले नाहीत, चहा मात्र मला पाजायला लावला.

संध्याकाळी घाटावर.
एफ सोळा. अ‍ॅप म्हणालं, सव्वाआठ मीटरवर रोख धर,
चार मीटरपासून पुढे सगळं येईल,
आणि शेवटच्या रकान्यात आडवा पडलेला आठ.
सव्वाआठ मीटर म्हणजे माझी बारा पावलं.
बाराव्या पावलावर कुणी एक बाई
ओली साडी पिळत होती.
मी तिच्यावर रोख धरला,
तिच्यामागे पायऱ्या आल्या, पाणी आलं,
नारोशंकराची घंटा आली,
पलीकडच्या गच्चीवर वाळत घातलेली गोधडीसुद्धा.
हात हलला. दोन फोटो वाया गेले.
तिसऱ्यात बाई निघून गेली होती,
तिची जागा तेवढी स्पष्ट आली.

घरी येऊन सुलभाला फोन लावला.
सहा वर्षांनी.
इकडचं तिकडचं झालं, तिच्या गुडघ्याचं झालं,
मग विचारलं,
अगं, तू तेव्हा कुठल्या रंगाच्या साड्या नेसायचीस?
ती हसली. तेच हसणं.
म्हणाली, तेव्हा म्हणजे
कधी?